पत्र्याच्या शेडकडे जाणारी वाट

"अहो, मधून चाला! मधून!"

जगातल्या कुठल्याही बागेत माळी ओरडतो तो 'गवतावर पाय देऊ नका' म्हणून. ही बाई ओरडत होती ती पाय द्या म्हणून! आणि आवाज असा खणखणीत, की झाडावर डुलकी काढणारा एक कावळा थेट खाली पडला. तो अजून लंगडतो. विश्वास नसेल तर या कधी, दाखवतो.

ज्याच्यावर ती ओरडली तो सद्गृहस्थ कुंपणाच्या कडेकडेने, अंग चोरून, कोवळ्या गवताला धक्का लागू नये म्हणून जवळजवळ आडवा होऊन चालला होता. तो जागीच थबकला.

"मला म्हणालात?"

"नाही, कुंपणाला म्हणाले! समोरच्या फाटकातून आलात ना? पलीकडच्या रस्त्याला जायचंय ना? मग जा की सरळ. बांधावरून उंदीर गेल्यासारखे काय जाताय?"

"पण... हिरवळीवर चालू नये, असं पाटीवर—"

"इथं दिसतेय पाटी?"

त्याने चौफेर पाहिलं. पाटी नव्हती. होती ती कमरेवर हात ठेवून उभी असलेली, गुडघ्यापर्यंत मातीत माखलेली, डोक्याला रुमाल बांधलेली... आणि रागाने नाकाचा शेंडा लाल झालेली एक मुलगी. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नजर ठीक होती. बिघाड दुसरीकडेच झाला होता— डाव्या बाजूला, खिशाच्या जरा आत.

"चाला," ती म्हणाली.

तो चालला. पण मागे वळून बघत बघत.

"पुढे बघा हो!" तिने कपाळावर हात मारला, आणि मातीचा पंजा कपाळावर तसाच उठला. त्याने तोही बघितला.

आता ही मुलगी कोण, ते सांगतो. नगरपालिकेच्या उद्यान विभागात ती नोकरीला होती आणि आमच्या वस्तीतली मोकळी जागा तिच्या गळ्यात पडली होती. वस्तीने तिचं नाव ठेवलं बागबाई. त्या जागेत आधी इतका कचरा होता, की त्यात हरवलेली एक सायकल शोधायला गेलेला माणूस दुसऱ्याच गावात निघाला. बागबाईने तो उपसला, जमीन सपाट केली, गवत पेरलं, झाडं लावली, नळाची पाइपलाइन फिरवली. एका कोपऱ्यात काम संपेपर्यंतची पत्र्याची शेड ठोकली, त्यात आपलं टेबल टाकलं आणि... थांबली. वाटा केल्याच नाहीत.

कारण वाटांबद्दल तिचं स्वतःचं एक शास्त्र होतं. लोकांना आधी मनासारखं चालू द्यायचं. जिथं जिथं गवत मरेल तिथं तिथं फरशी बसवायची. "कुठं जायचंय ते पायांना माहीत असतं, नकाशाला नाही," असं ती म्हणायची.

हे तिच्या साहेबांना मुळीच पटलेलं नव्हतं. साहेबांनी कर्कटक घेऊन एक चाक काढून ठेवलं होतं. मधे गोल, भोवती आऱ्यांसारख्या वाटा. "वरून, विमानातून काय सुंदर दिसेल!" साहेब म्हणाले.

"आपल्या गावावरून विमान जात नाही, साहेब."

साहेब पहिल्यांदा चिडले आणि मग, तिच्या चिकाटीपुढे, वैतागून म्हणाले, "ठीक आहे. उन्हाळा संपायच्या आत मी पाहणीला येईन. जमिनीवर दिसेल त्या प्रत्येक वाटेचं उत्तर तू द्यायचंस— कोणाची, आणि कुठे जाते. एका वाटेला जरी अडखळलीस, तर माझं चाक बसेल. आणि तू परत रोपवाटिकेत, पिशव्यांत माती भरायला!"

ही तिची पहिली बाग होती. माती भरून भरून तिची नखं काळी पडली होती तेव्हा कुठे मिळालेली. म्हणून ती अशी डोळ्यांत तेल घालून गवताकडे बघायची, आणि कडेने चालणारा एकेक सज्जन दिसला की तिचं डोकं फिरायचं.

आणि हा सज्जन? बागेच्या फाटकासमोर त्याचं चष्म्याचं दुकान. चष्मेवाला म्हणूनच सगळे ओळखायचे. हात असा, की त्याने घडवलेल्या चष्म्यातून एका आजोबांना पुढच्या आठवड्यातलं दिसायला लागलं होतं. नंबर कमी करून घेतला तेव्हा कुठे बिचाऱ्यांना झोप लागली.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला शेडच्या दारात हजर. या खेपेला मधून चालत आला होता.

"मॅडम, तक्रार आहे."

"बोला."

"त्या झाडावरचा पक्षी फार बेसूर गातो."

बागबाईने हातातलं खुरपं खाली ठेवलं. "मग मी काय करू? त्याला क्लास लावू?"

"विचार करा," तो गंभीरपणे म्हणाला, आणि गेला.

तिसऱ्या दिवशी तक्रार होती, की गवत एका बाजूला जास्त हिरवं आहे. चौथ्या दिवशी, की दुपारी झाडाची सावली दुकानापर्यंत पोचत नाही.

"तुम्हाला कामधंदा नाही का हो?"

"आहे की. लोकांचे डोळे तपासतो. तुमचेही तपासायला हवेत."

"माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

"रोज समोरून मी चालत येतो, आणि तुम्हाला दिसते ती तक्रार."

ती काहीतरी सणसणीत बोलणार होती. पण नेमकं आठवेना. हे तिच्या बाबतीत कधीच झालं नव्हतं... त्यामुळे ती जास्तच चिडली, आणि चांगलं उगवलेलं एक रोप तण समजून उपटून बसली. तो लगबगीने खाली वाकला, तीही वाकली. रोप पुन्हा लावताना मातीत चार हात एकमेकांना अडले. कोणाचा कुठला हे कळायला जरा वेळच लागला.

"पाणी घाला," ती पुटपुटली.

"कोणावर?"

"रोपावर हो!"

इथवर सगळं छान चाललं होतं. पण माणूस सुखात असला की त्याला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. चष्मेवाल्याने सांगितलं, आणि सांगितलं कोणाला? आत्याला.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. दुकानामागच्या घरात दोघंच राहायची. आत्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिच्या कानात कुजबुजलेली गोष्ट स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पडायची ती गावाला प्रदक्षिणा घालून, जरा गुटगुटीत होऊनच घरी परतायची.

"काय डोकं आहे त्या मुलीचं, आत्या!" हा जेवता जेवता म्हणाला. "जिथं लोक चालतील तिथंच ती फरशी बसवणार. आहे की नाही गंमत?"

"जिथं चालतील तिथं?" आत्याने घास थांबवला. "कोणीही चाललं तरी?"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ती चालायला लागली.

हेडमास्तर काकांना वाट हवी होती थेट आपल्या परसदारी. त्यांनी घरादाराला रांगेत उभं केलं— बायको, मुलगा, सून, वर सुनेचे आईवडील. "डावा, उजवा! पाय आपटून! विहीणबाई, तुम्ही तरंगताय!" त्यांच्या घरी पाहुणा आला की आधी पाणी नाही, आधी फेऱ्या. दातांच्या डॉक्टरीणबाईंना वाट हवी होती दवाखान्याच्या मागच्या दाराला. त्या ताटकळणाऱ्या रुग्णांना सांगू लागल्या, "दाढ दुखतेय ना? मग बसू नका. या दारातून त्या झाडापर्यंत जा आणि या. चालल्याने सूज उतरते." गाल धरलेली माणसं कण्हत कण्हत बागेत येरझारा घालू लागली. खुद्द आत्या आपल्या दारापासून गार सावलीच्या झाडापर्यंत दिवसभर चालत होती, आणि गप्पा मारायला बरोबर मैत्रिणींचा तांडा.

आठ दिवसांत गवताची पार रया गेली. मांजराने लोकरीचा गुंडा उधळावा तशा वाटांवर वाटा. जमिनीला इतके हादरे बसले, की गांडुळं सामान आवरून शेजारच्या वस्तीत राहायला गेली.

"अहो काका, काय चाललंय हे?" बागबाई हेडमास्तरांना आडवी आली.

"व्यायाम," काका न थांबता म्हणाले. "डावा, उजवा!"

"एकाच रेषेत?"

"शिस्त नको का?"

बागबाई मटकन खाली बसली. साहेब आले की काय उत्तर देणार? खऱ्या वाटा कुठल्या, खोट्या कुठल्या? आणि हे शास्त्र वस्तीला सांगितलं तरी कोणी? तेवढ्यात मैत्रिणींना घेऊन जाणाऱ्या आत्याचा आवाज आला, "आमचाच मुलगा म्हणाला ना! त्या बाईनं स्वतः सांगितलंय त्याला!"

बागबाई तडक दुकानात शिरली. चष्मेवाला एका गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला लावत होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला... आणि तिचा बघून लगेच विझला.

"सांगितलंत तुम्ही?"

"मी... कौतुकानं सांगितलं हो."

"कौतुक मनातल्या मनात करता येत नाही?"

"प्रयत्न केला. मावेना."

गिऱ्हाईक एक डोळा झाकून, दुसऱ्याने हे सगळं मन लावून वाचत होतं.

"विनोद नकोत! माझी बाग गेली. तुम्हाला कल्पना तरी आहे? एक वाट चुकली की साहेबांचं चाक बसणार, आणि मी पुन्हा पिशव्या भरणार. पहिली बाग होती माझी..." इथं तिचा आवाज जरासा फाटला. ते लपवायला तो दुप्पट चढला. "यापुढे माझ्या शेडकडे फिरकायचं नाही. तक्रार असली तर पोटात ठेवायची. आत्यासारखं नाही!"

ती निघून गेली. चष्मेवाल्याने त्या दिवशी दोन माणसांना एकमेकांचे चष्मे दिले. दोघंही खूश होती, तो भाग वेगळा.

बागबाई रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिने शेडमध्ये डोकं धरून विचार केला, आणि मग उठून सगळे नळ सोडले. दिवसभर सोडले. दुसऱ्या दिवशीही. बागेचा नुसता राडा झाला. असा चिखल, की त्यातून एक म्हैस गेली ती पांढरी होती की काळी, हे मालकालाही सांगता येईना.

"अगं, हे काय केलंस?" आत्या दारातून ओरडली. "आता आम्ही चालायचं कसं?"

"ज्याला जायचंय तो जाईल," बागबाई म्हणाली.

आणि बघा, वस्तीची व्यायामाची हौस एका दिवसात फिटली. हेडमास्तर काकांनी पांढऱ्या लेंग्यातला एक पाय चिखलात घातला, बाहेर काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि रांगेला 'विश्राम' दिला. डॉक्टरीणबाईंच्या रुग्णांच्या दाढा बसल्या जागी बऱ्या होऊ लागल्या. आत्याच्या मैत्रिणींना घरची कामं आठवली. तुडवलेल्या खोट्या वाटा हळूहळू गाळाखाली बुजल्या.

पण काही पाय येतच राहिले. इस्पितळातली नर्स पहाटपाळीला, चपला हातात घेऊन, बागेतून बस थांब्याकडे पळायची. शाळेच्या मुली कडेचा मोठा वळसा टाळून, एकमेकींना धरून, किंचाळत पलीकडे जायच्या. एक म्हातारं जोडपं रोज संध्याकाळी लेकीच्या घरी जायचं, पायाच्या बोटांनी चिखल चाचपत. त्यांच्या वाटा उमटल्या, खोल आणि खऱ्या. बागबाई त्या बघत शेडच्या दारात उभी राहायची, आणि पुष्कळ दिवसांनी तिला श्वास पुरा घेता आला.

मात्र आणखी एक वाट होती.

ती समोरच्या फाटकापासून निघायची. मोठे, पुरुषी पाय. चिखलातून थेट शेडच्या दिशेने यायचे. दारापासून चार हातांवर थांबायचे, तिथेच घुटमळायचे, आणि परत फिरायचे. रोज सकाळी ती कामावर यायची तेव्हा ठसे ताजे असायचे.

'दुकानासाठी!' तिचं डोकं भडकलं. 'एवढं होऊनही हा माणूस दुकानासाठी वाट तुडवतोय!'

पुढच्या दिवशी ती कामाच्या वेळेच्या कितीतरी आधी येऊन दारामागे दबा धरून बसली. उजाडतंय तोच तो आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, ओठ पुटपुटत असलेले. चार हातांवर थांबला. घुटमळला. वळला—

"थांबा!"

तो दचकला, घसरला आणि चिखलात बसला.

"तुम्हाला बंदी होती ना?"

"शेडकडे फिरकायची होती," तो बसल्या बसल्या म्हणाला. "मी अलीकडूनच परत जातो."

"पण येता कशाला?"

"माफी मागायला. फाटकापासून इथवर वाक्य पाठ करत येतो. इथं आलं की विसरतं... मग परत जातो, पाठ करतो, उद्या येतो."

"तुम्ही रोज... या चिखलातून... एका वाक्यासाठी?"

"मोठं वाक्य आहे."

तिला हसायचं नव्हतं. मुळीच नव्हतं. तिने ओठ दाबून धरले, भुवया ताणल्या, साहेबांचं चाक आठवून पाहिलं. कशाचा उपयोग झाला नाही. त्याला उठवायला तिने हात पुढे केला. त्याने तो धरला... आणि उठायचंच विसरला.

"आज तरी आठवतंय का?" तिने हळूच विचारलं.

"आत्ता तर स्वतःचं नावही—"

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. साहेब! पायांत उंच बूट, काखेत चाकाचा नकाशा. आगाऊ वर्दी न देता आले होते, कारण साहेबांचंही एक शास्त्र होतं.

गाडी दिसताच अर्धी वस्ती फाटकाशी जमली. साहेब एकेका वाटेवरून चालत गेले.

"ही?"

"नर्सची. बस थांब्याकडे."

"ही?"

"शाळेच्या मुलींची."

"ही?"

"आजीआजोबांची. लेकीच्या घरी."

साहेबांची मान नाखुशीने का होईना, हलत होती.

"आणि माझी वाट?" कुंपणापलीकडून हेडमास्तर काका ओरडले. "मी केलेली वाट कुठं गेली?"

"बुडाली, काका. तुम्ही आला नाहीत तिला काढायला."

साहेब शेवटच्या वाटेवर आले. वाकून बघितलं, चालत गेले आणि शेडपासून चार हातांवर थांबले. मागे बघितलं, पुढे बघितलं.

"ही कुठे जाते?"

बागबाईने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला.

"दुकानासमोरून निघते आणि इथं, मधेच मरते. ही शेड तर उद्या काढायची आहे. ना थांबा, ना शाळा, ना घर. बोल, ही वाट कोणाची? कुठे जाते?" साहेबांनी नकाशाची गुंडाळी सोडायला सुरुवात केली.

"साहेब, खोटी आहे ती!" चिखलाने बरबटलेला चष्मेवाला पुढे सरसावला. "मीच तुडवली, दुकानाच्या फायद्यासाठी. मॅडमचा काही दोष नाही. पुसून टाका ती."

"अस्सं?" साहेबांचे डोळे चमकले. "म्हणजे एवढा चिखल करूनही लबाडी गळली नाही. मग बाकीच्या वाटा तरी खऱ्या कशावरून?"

चष्मेवाला पुन्हा काहीतरी सांगायला पुढे झाला.

"तुम्ही मदत करू नका हो माझी!" बागबाई कडाडली. "सांगायचं तेव्हा गप्प बसता, गप्प बसायचं तेव्हा सांगता! तुम्हाला वाटांमधलं काय कळतं?" मग ती साहेबांकडे वळली. नाकाचा शेंडा लालबुंद, पण या वेळी नुसत्या रागाने नाही. "साहेब, ही वाट खरी आहे. चिखलातून एकही दिवस न चुकता आलेली आहे."

"पण येते कुठे?"

बाग अशी गप्प झाली, की गवत वाढल्याचा आवाज ऐकू यावा.

"माझ्याकडे," ती म्हणाली.

आत्याने तोंडावर पदर धरला. साहेबांनी खाकरून पाहिलं, नकाशा या हातातून त्या हातात घेतला.

"हं... पण शेड उद्या निघणार. तू दुसऱ्या बागेच्या कामाला लागणार. मग ही वाट कुठे जाईल? मला उत्तर पाहिजे."

बागबाईने क्षणभर चष्मेवाल्याकडे पाहिलं. तो श्वास घ्यायचं विसरला होता. त्याला विसरण्याची खोडच होती.

"वाटेला दोन टोकं असतात, साहेब," ती म्हणाली. "या टोकाला उद्यापासून कोणी नसेल, म्हणून काय झालं? मी कुठल्याही बागेत काम केलं, तरी संध्याकाळी इथून चालत पलीकडच्या टोकाला जाईन."

"पलीकडे तर चष्म्याचं दुकान आहे."

"माहीत आहे."

"डोळे अधू आहेत का तुझे?"

"होते," ती म्हणाली. "आता दिसतंय."

साहेबांनी बुटाने वाट एकदा दाबून पाहिली. मग त्यांनी चाकाची घट्ट गुंडाळी केली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "बसवा फरशी. सगळ्या वाटांवर. आणि या टोकाला एक बाक टाका, नाहीतर लोक मला विचारतील ही कुठे जाते म्हणून. मी काय उत्तर देऊ? माझ्याच्याने हे असलं सांगवणार नाही!"

ते गाडीकडे गेले. हेडमास्तर काकांनी, का कोण जाणे, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. शिस्तीत.

बागबाई मात्र तिथं थांबलीच नाही. अंगातला धीर निसटायच्या आत ती त्या वाटेने तरातरा चालू लागली— त्याच्याच ठशांत एकेक पाऊल टाकत, उलट्या दिशेने. चष्मेवाला मागून धावत, घसरत, पुन्हा धावत तिच्या बरोबरीला आला.

"आठवलं!" तो धापा टाकत म्हणाला. "वाक्य आठवलं!"

"मग बोला की एकदाचं!"

"तुमची बाग मी... म्हणजे माझं चुकलं... आणि खरं म्हणजे तुम्ही मला फार—"

"मोठं आहे," ती चालता चालता म्हणाली. "शेवटचा तुकडा तेवढा सांगा."

त्याने सांगितला. हळू, अगदी तिच्या कानाशी. मला ऐकू आला नाही, म्हणून मी तो रचून सांगणार नाही. तिने चालणं थांबवलं नाही, फक्त मातीने भरलेला हात त्याच्या मातीने भरलेल्या हातात दिला. तशीच दोघं फाटकातून बाहेर पडली, रस्ता ओलांडला आणि दुकानाची पायरी चढली.

आतून, सगळ्यांच्या आधी मागच्या दाराने घरी पोचलेली आत्या कडाडली—

"खबरदार आत पाय टाकाल तर! फरशी आत्ता पुसलीय मी. प्रेम काय पळून जातंय? आधी पाय धुवा, दोघंही!"